डोके माझे, मग सक्ती कशाला?

"डोकं माझं आहे. फुटलं तर माझं फुटेल. सरकारला त्याचं काय?"

हे बोलणे तुम्ही ऐकले असेल. कदाचित स्वतःही बोलला असाल. चौकात पोलीस दिसला, की फटफटीवाला आरशाला अडकवलेले हेल्मेट घाईघाईने डोक्यावर चढवतो. चौक मागे पडला, की हेल्मेट पुन्हा आरशाला. मोटारीतले लोकही काही कमी नाहीत. सीटबेल्टचा पट्टा अंगावरून नुसता ओढून धरायचा आणि पोलीस गेला की सोडून द्यायचा. जणू काही हेल्मेट आणि पट्टा ही पोलिसापासून बचाव करण्याची साधने आहेत!

पुण्यात तर यावरून मोर्चे निघाले. पुणे हे दुचाक्यांचे शहर. तिथल्या पोलिसांनी १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची सक्ती कडक केली. त्याच महिन्यात विरोधकांनी रस्त्यावर मोर्चा काढला. काही जण हेल्मेटच्या जागी पुणेरी पगडी घालून आले होते. त्यांचे म्हणणे काय होते? शहरात गाडी हळूच चालते, मग हेल्मेट कशाला? मान दुखते. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. उन्हाळ्यात डोक्याला घाम सुटतो. बाजारात उतरले की ते ठेवायचे कुठे? आधी रस्त्यांतले खड्डे बुजवा, मग आम्हाला शिकवा. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती : माझ्या जिवाची काळजी मी घेईन, तुम्ही जबरदस्ती करू नका.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जाणत्या माणसाने काय खावे, काय ल्यावे, कुठे पोहावे, कोणत्या कड्यावर चढावे, हे त्याचे तो ठरवतो. विहिरीत सूर मारणाऱ्याला आपण दंड करत नाही. तंबाखू खाणाऱ्याला समजावतो, पण घरात शिरून त्याची चंची काढून घेत नाही. मग डोक्यावर काय घालावे, एवढेच सरकारने का सांगावे?

इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल नावाचे एक विचारवंत होऊन गेले. १८५९ साली त्यांनी माणसाच्या स्वातंत्र्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारने जाणत्या माणसावर बळजबरी करावी, ती त्याच्या हातून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याला समजावावे, विनवावे, पण बळजबरी करू नये. मिल यांनी एक उदाहरण दिले आहे. एक पूल मोडकळीला आला आहे. एक वाटसरू त्यावर पाय ठेवणार आहे. त्याला धोका ठाऊक नाही, आणि सांगत बसायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढले, तर त्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. कारण त्याला पाण्यात पडायचे नव्हतेच. पण धोका खात्रीचा नसेल, नुसता संभव असेल, तर काय करावे? मिल म्हणतात, त्याला सावध करावे आणि जाऊ द्यावे.

म्हणजे पुण्याच्या मोर्चेवाल्यांना मिलसाहेबांचा बराच आधार आहे. पण त्यांच्या म्हणण्यातून दोन प्रश्न निघतात. पहिला प्रश्न : पुलाचा धोका आपल्याला खरोखर ठाऊक आहे का? दुसरा प्रश्न : पाण्यात आपण एकटेच पडणार आहोत का?

पहिला प्रश्न आधी घेऊ.

"गाडी हळूच चालते," असे लोक म्हणतात. समजा, गाडी अगदी उभीच आहे. तुम्ही तिच्यावर बसला आहात. तुमचे डोके रस्त्यापासून सुमारे पाच फूट उंच आहे. काही कारणाने तोल गेला आणि तुम्ही आडवे झालात. हात टेकायला सवड मिळाली नाही. पाच फुटांवरून पडलेले डोके रस्त्याला लागते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. हा वेग गाडीचा नव्हे, नुसत्या पडण्याचा. ताशी २० किलोमीटरने पळत जाऊन भिंतीवर डोके आपटायला कोणी तयार होईल का? गल्लीच्या तोंडाशी वाळूवरून घसरणाऱ्या माणसाचे नेमके तेच होते.

आता डोक्याच्या आत काय होते ते पाहू. मेंदूचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो असते. तो खरवसासारखा मऊ असतो. कवटीच्या आत तो एका पातळ द्रवात तरंगत असतो. डोके रस्त्यावर आपटले, की कवटी जागच्या जागी थांबते. मेंदू मात्र थांबत नाही. तो पुढे जातो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो. बारीक रक्तवाहिन्या फाटतात. आत रक्त साठू लागते. मेंदूला सूज येते. पाय सुजला तर कातडी ताणते आणि सुजेला जागा मिळते. कवटी ताणत नाही. ती हाडाची पेटी आहे. म्हणून आतला दाब वाढत जातो आणि मेंदू चेपला जातो.

कधी कधी बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. माणूस उठून बसतो, पाणी मागतो, "मला काही झालं नाही" म्हणतो. लोक त्याला घरी सोडतात. तास दोन तासांनी त्याला उलटी होते, झोप अनावर होते, आणि तो बेशुद्ध पडतो. आत हळूहळू रक्त साठत होते, ते कोणाला दिसले नाही. डोक्यावर पडलेल्या माणसाला, तो बोलत असला तरी, दवाखान्यात न्यायचे असते, ते याच कारणाने.

हेल्मेट इथे काय करते? एक मडके फरशीवर टाका. फुटेल. तेच मडके भुशाच्या ढिगावर टाका. बहुधा वाचेल. दोन्ही वेळा मडके थांबलेच. पण फरशीने त्याला क्षणात थांबवले, भुशाने जरा सावकाश. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. तोच खरा कामाचा. डोके आपटले की तो थर दबतो, चुरडतो, आणि डोक्याला थांबायला थोडासा जास्त वेळ मिळतो. हा वेळ डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी असतो. पण मेंदूला तेवढाही पुरतो. वरचे कडक कवच मार एका जागी न ठेवता सगळीकडे पसरवते. आणि हनुवटीखालचा पट्टा हेल्मेट डोक्यावर धरून ठेवतो. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचते! एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, कारण आतला चुरडलेला थर पुन्हा फुगत नाही. बाहेरून ते नवे दिसते, तरीही.

हे ज्ञान आभाळातून पडलेले नाही. १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स नावाचा एक नामवंत माजी सैनिक मोटारसायकलवरून पडला. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात त्याने मोठे नाव कमावले होते. सहा दिवस तो बेशुद्ध होता. मग गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे एक शल्यवैद्य होते. ते मरण त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. सैन्याचे निरोप घेऊन मोटारसायकलवरून धावणारे कितीतरी जवान शत्रूच्या गोळीशिवायच, रस्त्यावर डोके फुटून मरत होते. केर्न्स यांनी अशा जखमींची नोंद ठेवली. हेल्मेट घातलेले आणि न घातलेले यांची तुलना केली, आणि १९४१ साली ती छापली. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य लोकांना सक्ती व्हायला मात्र तिथे १९७३ साल उजाडले. मधली तीस वर्षे तिथेही हाच वाद चालला होता.

त्यानंतर पुष्कळ देशांत अभ्यास झाले. अशा अनेक अभ्यासांची छाननी करून २००८ साली एक निष्कर्ष काढण्यात आला. अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराने हेल्मेट घातलेले असेल, तर मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी. शंभर टक्के नव्हे, हे ध्यानात घ्या. हेल्मेट म्हणजे कर्णाची कवचकुंडले नव्हेत. भरधाव ट्रकखाली गेलेल्याला ते वाचवू शकत नाही. पण रोजच्या रस्त्यावर माणसे पडतात, घसरतात, डिव्हायडरवर आपटतात. तिथे ते जीव वाचवते.

मोटारीतल्या पट्ट्याचेही असेच आहे. मोटार ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि समोर भिंत आली. मोटार थांबली. आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जातो आणि काचेवर, चाकावर आदळतो. हा मार किती असतो? तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण ३२ फुटांवरून, खाली पडावे तितका. हाताने दांडा धरून तो मार थोपवता येत नाही. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतले निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. कंपनीने त्याचा हक्क स्वतःपुरता ठेवला नाही. इतर मोटार कंपन्यांनाही तो वापरू दिला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली पट्टा लावणे सक्तीचे केले. अशी सक्ती जगात तिथे पहिल्यांदा झाली.

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. पुढे बसणाऱ्याने पट्टा लावायचा, मागच्याला त्याची गरज नाही. मागची जागा मानाची, आरामाची! ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला अपघात झाला. केंद्रात मंत्री होऊन त्यांना आठ-दहा दिवसच झाले होते. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. सारा महाराष्ट्र हळहळला, पण मागे बसून पट्टा लावायला शिकला नाही. पुढे ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री अहमदाबादहून मुंबईला येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे पट्टा न लावता बसले होते. ते दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मोटार साधीसुधी नव्हती, चांगली महागाची होती.

मागच्या माणसाचे आणखी एक आहे. आणि इथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पट्टा न लावलेला मागचा माणूस अपघातात साठ-सत्तर किलोच्या पोत्यासारखा पुढे फेकला जातो. पुढे कोण असते? चालवणारा असतो, किंवा त्याच्या शेजारी बसलेली त्याची आई असते. त्या माणसाचा स्वतःचा पट्टा त्याला समोरच्या धडकेतून वाचवतो, आणि मागून आलेले हे पोते त्याला मारते. "माझ्या जिवाचं मी बघीन" हे म्हणणे इथे लंगडे पडते. मिलसाहेबांच्या मोजपट्टीनेही पडते.

आता दुचाकीकडे या. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे होते. या पन्नास हजारांतले ३५,६९२ गाडी चालवणारे. आणि १४,३३७ मागे बसलेले.

या चौदा हजारांवर जरा थांबा. हे मागे बसणारे कोण? आपल्या गावाकडच्या रस्त्यावर पाहा. बाजारचा दिवस आहे. नवरा पुढे बसला आहे. टाकीवर धाकटा मुलगा. मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसली आहे. मांडीवर तान्हे मूल, कोपरात पिशवी. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे. का, तर पोलीस चालवणाऱ्यालाच धरतो. बाकी तिघांची डोकी उघडी. आता सांगा, ती बाई बिनहेल्मेटची बसली, ही तिची निवड म्हणायची का? घरात हेल्मेट एकच आहे. दुसरे घ्यायचे की नाही, हे तिला कोणी विचारलेले नाही. तिने म्हटलेच, "अहो, मलाही एक घ्या ना," तर "तुला कशाला? तू तर मागं बसतेस" असे उत्तर मिळते. टाकीवरच्या पोराला तर विचारण्याचा प्रश्नच येत नाही. धक्का बसला की एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई सगळ्यांत आधी पडते, आणि हात मुलाला धरण्यात गुंतलेले असल्यामुळे डोके सावरता येत नाही.

"माझं डोकं, माझी मर्जी" असे म्हणणारा बहुधा पुढे बसलेला असतो. मागच्यांची मर्जी कोणी विचारली?

माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. मुलाच्या बाबतीत मर्जीचा प्रश्नच उद्भवत नाही. मागच्या माणसाच्या बाबतीत तो फार थोडा उद्भवतो. खरा वाद उरतो तो एकट्या जाणाऱ्या जाणत्या माणसाचा.

त्याच्याविषयी एक नेहमीचा मुद्दा मांडला जातो, तो खर्चाचा. माणूस पडला की रस्त्यावरून त्याला इतर लोक उचलतात. सरकारी दवाखाना त्याला घेतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका खटल्यात १९७२ साली न्यायालयाने हेच कारण देऊन हेल्मेटचा कायदा उचलून धरला. आपल्याकडेही मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे. म्हणजे खर्च सगळ्यांच्या खिशातून होतो, हे खरे. तरी मला हा मुद्दा फारसा रुचत नाही. खर्चाच्या हिशेबाने सक्ती करायची म्हटली, तर उद्या विडीवाल्याला, गोड खाणाऱ्याला, झाडावर चढणाऱ्यालाही धरावे लागेल. आणि माणसाकडे दवाखान्याचे बिल म्हणून पाहणे बरेही नव्हे.

त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खरी आहे. हेल्मेट न घालणारा माणूस धोका तोलून, विचार करून ते सोडतो असे क्वचितच घडते. "इथं कोपऱ्यापर्यंत तर जायचंय." "केस बिघडतात." "बाकी कोणीच घालत नाही, मी एकटा घातलं तर पोरं हसतील." ही कारणे स्वातंत्र्याची नव्हेत, आळसाची आणि लाजेची आहेत. कायदा आला की लाज गळून पडते. सगळेच घालतात, मग हसायचे कोणी? मिलच्या पुलावरचा वाटसरू आठवा. त्यालाही पाण्यात पडायचे नव्हते.

आपल्या देशात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाला एकाने आव्हान दिले. हेल्मेटची सक्ती म्हणजे आमच्या हिंडण्याफिरण्याच्या हक्कावर घाला, असे त्याचे म्हणणे होते. १९८८ साली न्यायालयाने ते फेटाळले. नियमामुळे तुमचे फिरणे अडत नाही, उलट तुमचा जीव सुरक्षित राहतो, असा त्या निकालाचा अर्थ. त्याच वर्षी नवा मोटार वाहन कायदा झाला. त्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीवर बसणाऱ्याला हेल्मेट आवश्यक केले. मागे बसणाऱ्यालाही, बरे का! पुष्कळांना हे ठाऊकच नसते. २०१९ साली कायदा सुधारला. केंद्राच्या कायद्यात दंड एक हजार रुपये झाला, आणि लायसन तीन महिने बंद ठेवण्याची तरतूदही आली.

पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना या कायद्यात सूट आहे. इंग्लंडनेही १९७६ साली त्यांना अशी सूट दिली. त्यांच्या धर्मात पगडीचे स्थान मोठे आहे, आणि ते त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाळले आहे. ही गोष्ट मला समजते. पुण्याच्या मोर्चातल्या पगडीची गोष्ट वेगळी. ती एका दिवसापुरती होती. दिल्लीत मात्र निराळेच घडले. तिथे १९९९ साली हेल्मेट स्त्रियांच्या मर्जीवर सोडले गेले, सगळ्याच स्त्रियांच्या. बाई शीख आहे की नाही हे ओळखायचे कसे, ही अडचण होती म्हणे. परिणाम असा, की पंधरा वर्षे राजधानीत मागे बसणाऱ्या बायकांची डोकी उघडी राहिली. २०१४ साली शीख स्त्रिया सोडून बाकीच्यांना पुन्हा सक्ती झाली. मर्जीच्या नावाखाली कोणाचे डोके स्वस्त होते, ते इथे दिसते.

सक्ती काढून पाहिली तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. फ्लॉरिडा राज्याने २००० साली २१ वर्षांवरच्या, थोडाफार विमा उतरवलेल्या लोकांना हेल्मेटमधून मोकळे केले. पुढच्या वर्षांत हेल्मेट घालणारे झपाट्याने कमी झाले आणि मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले. गाड्याही वाढल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. पण सगळी वाढ गाड्यांच्या नावावर टाकता येत नाही. २१ वर्षांखालच्या पोरांना सक्ती कायम होती. तरी त्यांच्यातही बिनहेल्मेटचे मृत्यू वाढले. मोठ्यांनी काढले, की पोरेही काढतात.

आता सरकारला दोन शब्द. सक्ती करणाऱ्यावर जबाबदारी येते. "आधी खड्डे बुजवा" ही ओरड खोटी नाही. खड्डा चुकवताना माणूस पडला, तर दोष त्याच्या उघड्या डोक्याचा एकट्याचा नाही. पण खड्डे आहेत म्हणून हेल्मेट नको, हे मात्र उलटेच झाले. छत गळत असेल तर माणूस छत्री फेकून देतो का? खड्ड्यांसाठी भांडावे, आणि भांडायला जाताना हेल्मेट घालून जावे. हेल्मेट ठेवायला बाजारात, कचेरीत, एस. टी. स्टँडवर सोय हवी, ही मागणीही रास्त आहे. मान दुखते म्हणणाऱ्यांनी हलके आणि मापाचे हेल्मेट घालून पाहावे. अपघातात हेल्मेटमुळे मान मोडते असा पुरावा मात्र वर सांगितलेल्या छाननीत मिळाला नाही. आणि दंडाच्या पावत्या फाडणे म्हणजेच सुरक्षितता, असे पोलिसांनी समजू नये. मागे बसलेल्या बाईकडे आणि मुलाकडे पाहावे. आज बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणारी, टोपलीसारखी हेल्मेटे दंड वाचवतात, डोके वाचवत नाहीत. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बंद आहे. खुणेबरोबर आयएस ४१५१ असा आकडा असतो, तो वाचून घ्या. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. आतला थर बोटाने दाबून पाहा. नुसता स्पंज असेल तर परत करा. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकला. ते डोक्यावरून निघाले नाही पाहिजे.

मुलांसाठी नियम वेगळे आहेत. चार वर्षांवरच्या मुलाला मोठ्यासारखेच हेल्मेट हवे. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलासाठीचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. त्याच्या डोक्याला मापाचे हेल्मेट हवे, त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा जाकीटवजा साज हवा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. लहान डोक्याला बापाचे हेल्मेट चालत नाही. ते डोळ्यांवर येते, आणि पडताना निघून जाते. म्हणून खरेदीला जाताना मुलाला बरोबर न्या. हेल्मेट घालून, पट्टा लावून, त्याला मान जोरात हलवायला सांगा. हलले, तर एक माप लहान मागा.